अर्ध्याहून जास्त खोटे निघाले तर

अप्पा सनगरे टपरीवर चहाचे पैसे देतात, पण लगेच चहा पीत नाहीत. फोनवरून पैसे गेले आणि टपरीवरचा डबा 'दहा रुपये प्राप्त झाले' असं बोलला, की ते शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाकडे वळतात. "पाहिलंत ना?" तो बावचळून मान हलवतो. मग दुसऱ्याकडे. "तुम्हीपण पाहिलंत ना?" तोही हलवतो. सकाळी सात वाजता, चहाआधी, वाद घालायची ताकद रत्नागिरीत कुणात नसते. तिघांनी मान हलवली की अप्पा "झाली साक्ष" म्हणतात आणि ग्लास उचलतात. तोवर चहावर साय धरलेली असते. ती बोटानं बाजूला सारून ते गार चहा पितात आणि वर आपल्यालाच ऐकवतात, "विश्वासाला येळ लागतो रे."

माझं मारुती मंदिराजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. पूर्वी दाखले आणि सातबारे येत. आता दुकानदारांच्या स्कॅनच्या पाट्या येतात. नारळवाल्यापासून सुकटवालीपर्यंत निम्म्या बाजारात माझ्या हातची पाटी लटकते आहे. पन्नाशी उलटल्यावर मागे वळून बघितलं तर आपल्या हातून जगात टिकाऊ असं लॅमिनेशनच तेवढं झालं, हे मला मान्य आहे. अप्पा आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. टेलिफोन खात्यात लाइनमन होते. उभा जन्म खांबांवर चढून दुसऱ्यांची बोलणी जोडली. मग घराघरातले फोन बंद पडले आणि अप्पा एक पक्कड आणि भरपूर वेळ घेऊन निवृत्त झाले. अशा माणसाच्या हाती इंटरनेट लागलं की काय होतं, ते मी गेली सात-आठ वर्षं भोगतो आहे.

त्यांना ब्लॉकचेनचा नाद लागला. नाणी घेऊन श्रीमंत व्हायचा नाद नव्हे. त्यांच्याकडे असलं एकही नाणं नाही. जगात पैसे पाठवण्याची जी निरनिराळी जाळी निघाली आहेत, त्यांची रचना कशी, हा त्यांचा नाद. ब्लॉकचेन म्हणजे काय, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की झोपेतून उठवलं तरी सांगेन. एक वही, पण तिची सारखी प्रत सगळ्यांकडे. प्रत्येक पानाच्या डोक्यावर मागच्या पानाची खूण. मधलं पान कुणी बदललं तर पुढच्या खुणा जुळत नाहीत आणि लबाडी उघडी पडते. बस्स, एवढंच. आता प्रश्न असा, की नवं पान लिहायचं कुणी? जगातले शहाणे भांडतात ते यावरून. एका जाळ्यात जो जास्त राबेल तो लिहितो. दुसऱ्यात ज्याची ठेव जास्त अडकलेली तो. तिसऱ्यात आधीच नेमून दिलेले मोजके लोक.

"शिमग्याची पालखी बघ," अप्पा म्हणतात. त्यांच्या सगळ्या उदाहरणांत शेवटी शिमग्याची पालखी येते. "जो खांद्यावर जास्त नाचवतो तो म्हणतो, माझ्या शब्दानं हलवा. जो मुंबयवरनं पैसं पाठवतो तो म्हणतो, माझ्या. नि मानकरी म्हणतात, आमच्या बापजाद्यांपासून आमच्याच. कुणाच्या शब्दानं पालखी हलवायची, हेच सगळं शास्त्र हाय. बाकी इंग्रजी हाय."

"आणि आपलं हे स्कॅन?"

"ती साखळी नव्हं. एकाच मानकऱ्याची पालखी. पण पळते कशी बघ."

हा वेगाचा मुद्दा त्यांना फार छळतो. साक्षी वाढवल्या की वेग मरतो, वेग वाढवला की साक्षी घटतात. एकदा मासळी बाजारात त्यांनी शैलाताईला हे समजावून सांगायला घेतलं. तिच्या हातात कोयता, समोर गिऱ्हाईकं, आणि हे सांगताहेत की एका जुन्या जाळ्यात पैसे पक्के झाले म्हणायला तासभर लागतो, पण मग ते कुणाचा बाप परत फिरवू शकत नाही. शैलाताईनं बांगड्याचं डोकं उडवलं. म्हणाली, "अप्पा, तुमच्या साक्षी येईस्तवर माझा बांगडा कुजंल. दोनशे रुपये टाका नि सरा बाजूला." अप्पांनी टाकले, आणि मागच्या तीन बायकांना विचारलं, "पाहिलंत ना?"

नवीन जाळं निघालं की त्याची कागदपत्रं छापायला ते माझ्याकडे येत. चाळीस-चाळीस पानं इंग्रजी. खात्याची परिपत्रकं वाचून कमावलेल्या इंग्रजीच्या जोरावर बोट ठेवून वाचत, आठवडाभरानं परत येत आणि पहिल्या पानावर लाल पेननं 'नापास' लिहून गठ्ठा माझ्या काउंटरखाली ठेवत. सरकारी डिजिटल रुपयाचं माहितीपत्रक नापास, डॉलरला बांधलेली नाणी नापास, एका सेकंदात हजारो व्यवहार उरकणारं जाळं तर पानभर शेरे मारून नापास. शेवटी एकदा मी विचारलं, की परीक्षा तरी कसली घेता?

"मी एकच गोष्ट बघतो," ते म्हणाले. "अर्ध्याहून जास्त खोटे निघाले तर काय करायचं. ते कुणीच लिवलेलं नाय. सगळे म्हणतात, निम्म्याहून जास्त लोक खरे आहेत असं धरून चालू या. असं कसं धरायचं?"

"अप्पा, अर्ध्याहून जास्त खोटे निघाले की त्याला खोटं म्हणतच नाहीत," मी म्हटलं. विनोद म्हणून म्हटलं होतं. अप्पांनी लाल पेन खिशात घातलं. मग पंचेचाळीस पानांचे पैसे देऊन, दुकानातल्या दोघांना साक्षीला धरून, वर निघून गेले.

सकाळी फिरायला जाणारे आम्ही पाचजण. फिरणं कमी, टपरी जास्त. आज चहा कुणी पाजायचा, यावर रोज वाद, म्हणून अप्पांनी एकदा पाच शाळकरी वह्या आणल्या आणि आमचीच साखळी सुरू केली. आधी राबणाऱ्याचं जाळं: अप्पा एक गुणाकार घालणार, जो आधी सोडवेल तो पान लिहिणार. आमच्यात एक गणिताचे निवृत्त मास्तर आहेत. पंधरा दिवस दुसऱ्या कुणाला पेन उघडायची संधी मिळाली नाही आणि त्या पंधरा दिवसांत चहा पाजायची पाळी मास्तरांवर एकदाही आली नाही. मग ठेवीचं जाळं: ज्याचे बिस्किटपुडे टपरीवर जास्त जमा, त्याच्या शब्दाला वजन. सगळ्यांत जास्त पुडे ठेवले ते मधुमेह असलेल्या गृहस्थांनी, आणि संध्याकाळी येऊन आपली ठेव स्वतःच खाल्ली. प्रत्येक नोंद पाचही वह्यांत होईपर्यंत चहाची साय धरे ती वेगळीच.

मग आम्हाला एक दुर्बुद्धी सुचली. अप्पा येण्याआधी आम्ही चौघांनी ठरवलं आणि चारही वह्यांत लिहून टाकलं, की पुढचे सात दिवस चहा अप्पांचा, आणि हे त्यांनी स्वतः कबूल केलं. मागच्या पानाच्या खुणाही नीट जुळवल्या. अप्पा आले. त्यांच्या वहीत तसं काही नव्हतं. "नियम तुमचाच ना अप्पा?" मास्तर म्हणाले. "चार वह्या एक सांगतात, तुमची एक दुसरं. मग तुमची खोटी." आम्ही पोट धरून हसलो. मी सगळ्यांत जास्त हसलो, कारण कल्पना माझी होती.

अप्पा हसले नाहीत. त्यांनी पाचही वह्या गोळा केल्या, सात दिवसांच्या, पाचजणांच्या चहाचे साडेतीनशे रुपये मोजून टपरीवाल्याला दिले आणि गेले. या खेपेला त्यांनी कुणालाही 'पाहिलंत ना' विचारलं नाही. पंधरा दिवस ते खाली उतरले नाहीत.

शेवटी मीच वर गेलो. अप्पा बाहेर गेले होते. काकूंनी दार उघडलं. काकूंचा आणि ब्लॉकचेनचा संबंध एवढाच, की अप्पांचं व्याख्यान रंगात आलं की त्या आतून "जेवायला चला" म्हणत. त्यांनी मला पाणी दिलं आणि फारसा आवाज न चढवता सांगितलं, की अप्पांना गावानं वाळीत टाकलंय. सतरा वर्षं झाली.

गावाचं नाव मी लिहीत नाही. रत्नागिरीपासून एसटीनं दीड तास, चाळीस उंबऱ्यांची वाडी. देवळामागे देवरहाटी आहे, म्हणजे देवाचं राखलेलं रान. तिथली जुनी झाडं एका ठेकेदारानं रातोरात नेली. चौकशीला साहेब आले तेव्हा वाडीतले सगळे म्हणाले, वादळात पडली. अप्पा म्हणाले, "पडली नाहीत. कापलीन. मी बघितलंय." अप्पांची एक साक्ष, आणि समोर बाकीचा सगळा गाव. चौकशीत वादळ ठरलं. मग गावकीची बैठक बसली आणि अप्पांचं घर यादीतून काढलं. त्यांच्याकडून वर्गणी घ्यायची नाही, त्यांच्या अंगणात पालखी न्यायची नाही.

"आता कायदा आहे काकू," मी म्हटलं. "तक्रार करता येते."

"तेही म्हटलं यांना. म्हणतात, तक्रार केली तर दारात पोलीस येतील. पालखी कशी येईल?" मग काकूंनी आतून एक ट्रंक ओढत आणली. आत देवीच्या ओटीचे खण होते, हिरवे, लाल, जरीच्या काठाचे, घडीसुद्धा न मोडलेले. दर शिमग्याला एक घेतात. स्वतःच्या अंगणात एकदा ओटी भरायची एवढीच त्यांची इच्छा. त्या ट्रंकेला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. मला खाली येताना जिना दिसेना, एवढी स्वतःची लाज वाटत होती.

यंदा शिमग्याआधी एक तिशीतला माणूस दुकानात आला. बाळा म्हणून, एका वाडीच्या उत्सवाचा खजिनदार. वर देवीचा फोटो, खाली वर्गणीसाठी स्कॅनचा चौकोन, अशी मोठी पाटी हवी होती. मी केली, लॅमिनेशन करून गार व्हायला काउंटरवर ठेवली, आणि तो बाजारात गेला. तेवढ्यात अप्पा आले. आमच्यातलं आता सगळं मिटलं होतं, म्हणजे त्यांनी मिटवलं होतं. ते पाटीपाशी येऊन थांबले.

"रवी, ही माझ्या गावची देवी."

ते पाटीकडेच बघत म्हणाले, "रोख घेऊन गेलो तर हात मागं घेतात. मनीऑर्डर केली, परत आली. एकदा गुरवाच्या हाती दिली, तर त्यालाच दंड केलान." मग त्यांनी पाटीवरून बोट फिरवलं. "हिला मागं घ्यायला हात नाय."

त्यांनी फोन काढला, पाचशे एक रुपये घातले, नाव आणि वाडी घातली आणि बटण दाबलं. हिरवी खूण आली. "पाहिलंस ना?"

"पाहिलं. झालं की अप्पा. गावानं वर्गणी घेतली."

हे मी म्हटलं. ते मीच म्हटलं. त्यांच्या गावात वर्गणी घेतली की घर यादीत येतं आणि यादीत आलं की दारात पालखी येते, हा हिशेब इतका सरळ होता, की पैसे पोचणं आणि कुणीतरी ते घेणं यांत फरक असतो, हे इतकी वर्षं जाळी तपासणाऱ्या माणसाच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही नाही. त्या हिरव्या खुणेचं चित्र मी रंगीत छापून लॅमिनेट करून दिलं. फुकट. असं मी आयुष्यात पहिल्यांदा केलं.

पुढचे नऊ दिवस पैसे परत आले नाहीत. त्या नऊ दिवसांत अप्पांनी टपरीवर कुणालाही साक्षीला धरलं नाही. पैसे टाकायचे, ग्लास उचलायचा, वाफाळता चहा प्यायचा. जीभसुद्धा भाजून घेतली एकदा. टपरीवाला मला हळूच म्हणाला, "अप्पांना बरं नाय काय?"

पालखी त्यांच्या आवाठात, म्हणजे वाडीतल्या त्यांच्या बाजूच्या घरांत, येण्याच्या दिवशी मीही गेलो. "साक्षीला चल" म्हणाले. दुकान बायकोवर टाकलं. चिऱ्याचं दोन खोल्यांचं घर, वर्षभर बंद असलेलं. काकू दोन दिवस आधीच जाऊन अंगण सारवून, रांगोळी घालून बसल्या होत्या. पाटावर नारळ, तांदूळ, हळदकुंकू आणि नवा खण. अप्पांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता आणि खिशात ते लॅमिनेशन होतं, अर्धं बाहेर डोकावत.

दुपारी ढोल ऐकू आले. पालखी वरच्या अंगणात नाचली, तिथून निघाली, पाणंदीतून खाली उतरली. काकू पदर सावरून ताट घेऊन उभ्या राहिल्या. आणि अप्पांचा फोन वाजला.

त्यांनी चष्मा लावून वाचलं, मग माझ्या हातात दिला. पाचशे एक रुपये जमा. खाली मजकूर: 'चुकून आलेली रक्कम परत.' मी मान वर केली. निशाणामागे बाळा चालत होता, फोन खिशात ठेवत. सकाळी यादी वाचताना कुणाच्या तरी लक्षात आलं असणार.

"तीन सेकंदात परत केलान," अप्पा म्हणाले. "बाकी काय नाय, वेगाला तोड नाय."

पालखी अंगणाच्या दगडी गडग्यापाशी आली आणि न थांबता पुढे गेली. नाचवणाऱ्यांपैकी एकानंही आत बघितलं नाही. मला ते सहन झालं नाही. मी अप्पांच्या खिशातलं लॅमिनेशन ओढलं आणि पाणंदीत धावलो. "अहो, ही पावती आहे," मी बाळाला म्हटलं. "नऊ दिवस ठेवलेत तुम्ही पैसे."

बाळानं मला ओळखलं. अगदी गोड हसला. "दादा, पाटी झकास झाली हां तुमची. पाचजणांनी विचारलं, कुठं केलीत म्हणून." आणि गेला.

मी परत आलो. काकूंनी ताट खाली ठेवलं होतं आणि खणाची घडी पिशवीत घालत होत्या. माझ्या हातात ते लॅमिनेशन होतं. पाण्यानं भिजत नाही, फाटत नाही, शंभर वर्षं राहील, आणि त्याचा कुणाला काडीचा उपयोग नाही. मी ते कुठे ठेवावं म्हणून बघत होतो.

"असू दे," अप्पांनी ते माझ्याकडून घेतलं. "नऊ दिवस मी गावात होतो रे."

पालखी शेजारच्या अंगणात बसली. शेजारचं घर थोरल्या मानकऱ्याचं. चौकशीच्या दिवशी सगळ्यांत आधी 'वादळात पडली' असं म्हणणारा हाच. आता ऐंशीचा झालाय, ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. गाऱ्हाणं सुरू झालं. एक माणूस देवीपुढे घरच्यांसाठी मागणं मागतो आणि बाकी सगळे त्याला रुकार देतात.

"आई माउली, आज ह्या घराण्यानं तुजी सेवा केली हाय, ती मान्य करून घे."

"व्हय महाराजा," सगळा गाव म्हणाला.

आणि माझ्या शेजारून, गडग्याच्या अलीकडून, अप्पाही म्हणाले. पुटपुटले नाहीत, हात जोडून, मान खाली घालून, पूर्ण आवाजात म्हणाले. मी चमकून काकूंकडे पाहिलं.

"दरवर्षी म्हणतात," काकू म्हणाल्या. "वाडीत सगळ्या घरांचं गाऱ्हाणं होईपर्यंत इथं उभे राहतात."

"ह्या घरच्या म्हाताऱ्याचं गुडघं दुखतात, त्येला चालता-फिरता ठेव."

"व्हय महाराजा."

"अप्पा," मी न राहवून म्हटलं, "याच माणसानं तुम्हाला खोटं पाडलं."

"पाडलान," अप्पा म्हणाले. "पण गुडघं दुखतात हे खरं हाय. मी बघितलंय त्येला चढताना."

पुढचं मागणं त्याच्या मुंबईच्या पोरांसाठी होतं. त्यांना नोकरीत यश दे, वाटेत सांभाळ. मला गाऱ्हाण्याची सवय नाही. माझं "व्हय महाराजा" सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, उशिरा आणि एकट्यानंच निघालं. पलीकडच्या अंगणातल्या दोघातिघांनी मान वळवून बघितलं. अप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते पुढच्या मागण्याची वाट बघत हात जोडून उभे होते.